यादीतला तिसरा

ही केस लिहायची की नाही यावर मी बरेच दिवस घोळ घातला, कारण हिच्यात "घडलं" असं सांगण्यासारखं फारच थोडं आहे. कुणी वारलं नाही, कुणाचं लग्न मोडलं नाही, कुणी घर सोडून गेलं नाही. चोवीस वर्षांचा एक मुलगा घरी बसून होता, एवढंच. पण मी फोंड्याला समुपदेशनाचं काम करते, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्यासमोरच्या खुर्चीत अशीच मुलं जास्त येऊन बसायला लागलीत. त्यांच्यासाठी आपल्याकडे धड शब्दही नाही. घरचे म्हणतात आळशी झालाय, शेजारी म्हणतात मोबाईलनं वाया गेला, आणि मुलगा स्वतः म्हणतो मला काही झालेलं नाही. लिहायला मुलाची परवानगी आहे, ओळखता येईल असं सगळं बदललंय, गाव सांगत नाही, डिचोली तालुका एवढंच पुरे. नाव बाबू म्हणूया, गोव्यात घरटी एक बाबू असतोच, त्यामुळे कुणी शोधायच्या भानगडीत पडणार नाही.

अपॉइंटमेंट धाकट्या बहिणीनं घेतली. ती नर्स, एका खाजगी हॉस्पिटलात. फोनवर तिचं पहिलंच वाक्य, "मॅडम, दादा पहाटे चारला झोपतो आणि आई सगळ्यांना सांगते अभ्यास करतो." मी विचारलं त्याला स्वतःला यायचंय का, तर म्हणाली, यायचं नाहीय, पण मी स्कूटरवर बसवून आणते. असा बसवून आणलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही हा माझा अनुभव, पण तिला नाही म्हणवलं नाही. डिचोलीत कुणी नव्हतं का, एवढं लांब आमोण्याचा पूल ओलांडून का येताय, असं विचारलं तर म्हणे तिकडे कुणीतरी बघेल.

हे "कुणीतरी बघेल" गोव्यात फार मोठं आहे. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, येता जाता सगळे बघतात, पर्यटक फोटो काढतात. १७५६ साली कांदोळीला जन्मलेला हा माणूस पॅरिसला गेला आणि संमोहनात जादूबिदू काही नसते, सगळं समोरच्याच्या मनात घडतं, असं सांगणाऱ्या पहिल्यांपैकी एक ठरला. आम्हाला त्याचा अभिमान आहे. आणि आमच्यातच कुणाला मनाच्या डॉक्टरकडे जायचं असेल तर तो दोन तालुके सोडून जातो.

तर जूनचा पहिला आठवडा, धो धो पाऊस, दोघं रेनकोट निथळत आत आली. बहिणीला बाहेर बसवलं. बाबूनं फोन टेबलावर पालथा ठेवला, आणि पहिला अर्धा तास तो दर दोन-चार मिनिटांनी फोन उलटा करून बघायचा, अंगठ्यानं स्क्रीन खाली ओढायचा, परत पालथा. कुणाचा फोन यायचाय का? "नाही. साईट." कुठली साईट, तर एका सरकारी खात्याची. मग बराच वेळ गप्प, आणि मग एकदम पाकीट काढलं आणि गणपतीच्या फोटोमागून एक कागद ओढून माझ्यासमोर ठेवला, आठ घड्या घातलेला. क्लार्कच्या पोस्टची वेटिंग लिस्ट, आदल्या सप्टेंबरातली. तिसरा नंबर बाबूचा. कागद इतक्या वेळा उघडला आणि मिटला होता की घडी नेमकी त्याच्या नावावरूनच गेलेली, नावाची मधली अक्षरं झिजून पांढरी पडलेली. मी म्हटलं, वरच्या दोघांचं काय झालं? "एकाला घेतला. दुसऱ्याचं कळत नाही."

आता गोव्याबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला पाहिजे. सरकारी नोकरी सगळीकडेच हवी असते, पण इकडे लहान राज्य, प्रत्येकाच्या ओळखीत कुणी ना कुणी लागलेला असतो, त्यामुळे ती लॉटरीसारखी लांबची वाटत नाही, शेजारच्या घरात दिसते. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला काढला, कोकणी येते, परीक्षा आता कर्मचारी निवड आयोग कॉम्प्युटरवर घेतो, म्हणजे आपला पण चान्स आहे. आणि सगळ्यात घातक गोष्ट माझ्या मते वयोमर्यादा. इथल्या बहुतेक जाहिरातींत ती ४५ असते. ऐकायला किती चांगली सोय! पण बाबूच्या बाजूनं बघा, २४ वर्षांच्या मुलाला अजून एकवीस वर्षं कुणी सांगणारच नाही की बाबा रे, आता पुरे.

पूर्वपीठिका थोडक्यात. बी.कॉम., २०२२ला पास, मार्क बरे. मग एका कार्यालयात अकरा महिने कंत्राटावर कॉम्प्युटर ऑपरेटर, कंत्राट वाढलं नाही. मग परीक्षा, मग ही यादी. यादी लागल्यावर घरात पेढे वाटले गेले, हो, वेटिंग लिस्टचे पेढे, कारण आईला "लिस्टीत नाव आलं" एवढंच कळलं आणि बाबूनं दुरुस्त केलं नाही. तिथून गोष्ट अडकली. २०२३च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून गावातली तीन-चार मुलं तिकडे शिफ्टला जातात, बाबूलाही कार्गोत चिकटवून देतो असं एकानं सांगितलेलं. नाही म्हणाला, सरकारी नोकरीची ऑर्डर आली तर? मित्र पुण्याला बोलवत होता, नाही, ऑर्डर आली तर? टॅलीचा ऍडव्हान्स कोर्स, तीन महिन्यांचा, फी भरून सोडला, त्याच कारणानं. हळूहळू नाक्यावर जाणं बंद, क्रिकेट बंद, भजनात पेटी वाजवायचा ते बंद. रात्रभर फोन, दुपारी बाराला उठायचं. वायफायचं बिल बहीण भरते हे त्यानं मला पहिल्या दिवशी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा हसून.

पहिल्या भेटीत मी पीएचक्यू-नाईन भरून घेते, नैराश्य किती आहे ते बघायची प्रश्नावली. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत कितीदा असं वाटलं, शून्य ते सत्तावीस गुण. बाबूचे १४, म्हणजे मध्यम, पंधरापासून जड धरतात त्याच्या उंबऱ्यावर. नवव्या प्रश्नाला, मरून गेलो तर बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटतं का, त्यानं "काही दिवस" वर टिक केली आणि पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं, की ही आता काय करते.

इथे मी सरळ विचारते. अनेकांना अजून वाटतं विचारलं की डोक्यात नसलेला विचार घुसतो, तसं होत नाही, उलट विचारल्यावर माणसाचे खांदे खाली येतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हटलं, बाबू, मरायचे विचार येतात का? "मरायचं असं नाही. पण सकाळी जाग आलीच नाही तर चालेल, असं." कसं करायचं, कुठे, कधी असं काही ठरवलंयस का? नाही. पूर्वी कधी प्रयत्न? नाही. थांबवतं काय? बराच वेळ विचार करून म्हणाला, "तिची नाईट असते तेव्हा तिला बसस्टॉपवर सोडायला मीच जातो." मी ते त्याच्याच शब्दांत एका कार्डावर लिहिलं, खाली बहिणीचा नंबर, माझा नंबर आणि टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, तो चोवीस तास चालतो आणि फुकट आहे. बहिणीला किती सांगायचं हे त्याच्यासमोरच ठरवलं, तेवढंच सांगितलं. ओळखीच्या मनोविकारतज्ज्ञांशीही बोलून ठेवलं, दोन आठवड्यांत गुण वर गेले किंवा बोलण्यात "कसं" यायला लागलं तर थेट बांबोळीला, मनोरुग्णालयाच्या ओपीडीत. बाबूला तसं स्पष्ट सांगितलं. "बांबोळी" म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला, मी म्हटलं ताप उतरला नाही तर मेडिकल कॉलेजला जातोस ना, ते आवारही तिकडेच आहे.

निदानाचं नाव काय द्यायचं यावर माझं आणि त्या डॉक्टरांचं थोडं वेगळं पडलं. ऍडजस्टमेंट डिसऑर्डर, म्हणजे एखाद्या बदलाशी जुळवून घेता न आल्याचा त्रास, म्हणावं तर त्याला एक घटना लागते, आयसीडी-११, म्हणजे डॉक्टर निदानासाठी वापरतात ती आजारांची आंतरराष्ट्रीय यादी, म्हणते त्या घटनेपासून साधारण महिन्याभरात त्रास सुरू व्हायला हवा. इथे घटना कुठली? यादी लागली हीच, आणि तीही चांगली बातमी! मला इथे नॅन्सी श्लॉसबर्ग या अमेरिकी समुपदेशनतज्ज्ञांची एक जुनी मांडणी जास्त कामाची वाटते. स्थित्यंतर फक्त घडलेल्या गोष्टीमुळे होत नाही, घडेल घडेल म्हणून धरून ठेवलेली आणि न घडलेली गोष्टही माणसाला तेवढंच हलवते. लग्न ठरेल वाटत होतं आणि ठरलं नाही, मूल होईल वाटत होतं, ऑर्डर येईल वाटत होतं. नोकरी गेली तर लोक भेटायला येतात, "वाईट झालं रे" म्हणतात. नोकरी आलीच नाही त्याला कोण भेटायला येणार, आणि काय म्हणणार? बाबूचं दुःख असं होतं की त्याला तारीखच नव्हती. न संपलेल्या गोष्टीचं सुतक धरता येत नाही.

आता माझी चूक. पुढच्या दोन भेटी बऱ्या गेल्या, झोपेवर बोललो, आणि मला उत्साह आला. चौथ्या भेटीत मी त्याचा बायोडाटा नीट करायला घेतला, दोन-तीन जॉब पोर्टल दाखवली, मोपाचं पुन्हा काढलं, आणि वर "तुला मनापासून काय करायला आवडेल?" हा प्रश्नही टाकला, जो मी आता कुणालाच विचारत नाही, कारण सहा महिने काहीच न आवडलेल्या माणसाला तो अपमानासारखा लागतो. बाबू हो हो म्हणाला. आणि पुढचे दोन आठवडे आला नाही, फोन उचलला नाही. बहिणीचा मेसेज, "दादा म्हणतो त्या पण घरच्यासारखंच बोलतात." बरोबर होतं त्याचं. त्याच्या आयुष्यात एक काकू वाढली होती, तीही शनिवारी फी घेणारी.

मी मेसेज टाकला की मी घाई केली, चूक माझी, आलास तर नोकरीचा न पण काढणार नाही. आला. आणि मग बोलायचं काय, तर मी विचारलं घरी अंगणात काय आहे. म्हटलं तर काहीही प्रश्न. तो म्हणाला, "ट्रक."

हा ट्रक समजल्याशिवाय ही केस समजत नाही. बाबांचा टिपर, खाणीवरचा. खनिज भरून नदीवरच्या जेटीला नेऊन ओतायचं, तिथून बार्जनं मुरगावला, दिवसाला किती खेपा झाल्या त्यावर पैसे. बाबू अकरा वर्षांचा होता तेव्हा, २०१२च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाची बंदी आली. ट्रक अंगणात. २०१४ला बंदी उठली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून, पुढच्या वर्षी काही गाड्या हलल्या, बाबांनी नवे टायर घातले, त्यासाठी कर्ज. मग २०१८, कोर्टानं खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या, १६ मार्चपासून परत सगळं बंद. बाबू तेव्हा सोळाचा. तेव्हापासून ट्रक तिथेच. पुढे २०२२च्या अखेरीपासून लिलाव सुरू झाले, डिचोलीकडे थोडं काम चालूही झालं, पण त्या ट्रकचे कागद केव्हाच सरले होते. तरी दर दसऱ्याला बाबा तो धुतात. आतून बाहेरून. झेंडूची माळ, लिंबू, नारळ, सगळं. बॅटरी नाही म्हणून हॉर्न वाजत नाही, तर बाबा तोंडानं... इथे बाबू थांबला. आणि मग म्हणाला, "आमच्या घरात दोघं वाट बघतात ताई, आणि आई दोघांना वाढते."

मॅडमची ताई त्या दिवशी झाले, ते मला घरी गेल्यावर लक्षात आलं.

मी काही त्याला "बघ, तू बाबांकडून शिकलास" वगैरे सांगितलं नाही. असली वाक्यं पुस्तकात बरी दिसतात. फक्त विचारलं, बाबांना तू काय सांगशील? तो लगेच म्हणाला, विका म्हणून. मग स्वतःच गप्प झाला आणि पाकिटावर हात गेला.

त्यानंतर काम सुरू झालं ते अगदी बारीक. या पद्धतीला बिहेवियरल ऍक्टिव्हेशन म्हणतात, सोप्यात सांगायचं तर मूड येईल मग उठू असं नाही, उठायचं, मूड मागून येतो. परदेशी म्हणून नाक मुरडू नका, गोव्यातच हे करून बघितलंय. संगाथ संस्थेच्या लोकांनी आपल्या इथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्ट नसलेल्या पण ट्रेनिंग दिलेल्या माणसांकडून सहा ते आठ बैठकांत डिप्रेशनच्या बऱ्यापैकी जड रुग्णांना हेच दिलं, आणि नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा फरक जास्त दिसला, २०१७ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं ते.

पहिलं काम काय द्यायचं? व्यायाम, योगा, डायरी, असलं काही सांगितलं असतं तर परत पळाला असता. मी विचारलं तुमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, किती वाजता येतो. सातच्या आसपास, सायकलवरून, पों पों करत. शेवटचा कधी ऐकलास? आठवेना. झोपलेला असतो ना. तर काम एवढंच, पोदेराचा हॉर्न झाला की बाहेर जाऊन पाव स्वतः घ्यायचे, पैसे आईकडून घेतले तरी चालतील, आणि मग वाटल्यास परत झोपायचं. कागदावर सात चौकोन, पाव घेतले की टिक, शेजारी मूडला दहापैकी गुण.

पहिल्या आठवड्यात सातातले तीन. त्याला वाटलं मी नापास करणार. मी विचारलं या तीन दिवशी काय वेगळं झालं, तर म्हणाला पोदेरानं पहिल्या दिवशी विचारलं, "तूं हांगाच आसा?" म्हणजे तू इथेच असतोस? एवढे महिने त्याला वाटत होतं बाबू बाहेरगावी गेलाय. हे सांगताना तो हसला पण डोळे भरलेले. दुसऱ्या आठवड्यात पाच. पेटीवरची धूळ पुसली, वाजवली नाही, पण पुसली. साईट बघणं बंद करायला मी सांगितलं नाही, वेळा ठरवल्या, सकाळी अकरा आणि दुपारी चार, कारण रात्री दोन वाजता कुठलंही सरकारी कार्यालय यादी अपलोड करत नाही हे त्यालाही पटलं. (नंतर मला एकानं दाखवलं की करतात. असो.)

जुलैच्या शेवटी बाबूच्या संमतीनं आईबाबांना बोलावलं. आधी सांगून ठेवलं, मुलगा सज्ञान आहे, तो मला काय सांगतो ते मी तुम्हाला सांगणार नाही, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही गुप्ततेचा हक्क आहे. आईला हे अजिबात आवडलं नाही, "आम्ही परके?" बाबा खुर्चीच्या टोकावर बसले, जणू ट्रक बाहेर नो पार्किंगमध्ये लावलाय. म्हणाले, पोरगा माझ्यासारखा लटकायला नको. मी विचारलं तुम्ही दिवसातून किती वेळा विचारता त्याला, साईट बघितली काय म्हणून? आईनंच उत्तर दिलं, "चहाला, जेवणाला आणि बातम्या संपल्यावर."

आईकडे मात्र एक हुकमी पान होतं. तिनं देवाला प्रसाद लावला होता, उजवा पडला होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, आमच्या देवळांत मूर्तीवर फुलाच्या पाकळ्या किंवा पानं लावून देवाला प्रश्न करतात, कुठल्या बाजूची पाकळी पडते त्यावरून होय की नाही. म्हणजे देवानंच सांगितलंय, थांब. आता इथे समुपदेशकानं शास्त्र सांगत बसलं की संपलं. मलाही देवाशी वाद घालायचा नव्हता, मी स्वतः प्रसाद लावलेली बाई आहे. मी एवढंच विचारलं, आई, देवाला नेमकं काय विचारलंत? ती म्हणाली, भटजींनी सांगणं केलं, माझ्या पोराचं बरं होईल ना, असं. क्लार्कची ऑर्डर येईल ना, असं नाही विचारलं? नाही. मग ती बाबूकडे बघत राहिली. बाबा पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकले.

त्या बैठकीत एक गोष्ट ठरली, वाट बघायची पण तारखेपर्यंत. यादीची मुदत ३० सप्टेंबर, तोवर कुणी घरात साईटचा विषय काढायचा नाही, बाबू स्वतः सांगेल, आणि तोवर असं काहीतरी करायचं जे ऑर्डर आली तर दुसऱ्या दिवशी सोडता येईल. टॅलीचा अर्धा कोर्स त्यानं स्वतः सुचवला.

मग आली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. ऑगस्टच्या शेवटी. मूळ घरी सगळे भाऊबंद जमणार, पंचवीस-तीस माणसं, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न. आदल्या वर्षी बाबू तापाचं निमित्त करून दीड दिवस खोलीत झोपून होता. यंदा जायचं की नाही यावर आम्ही एक अख्खी बैठक घालवली. मी काकी झाले, तो बाबूच. मी पदर खोचल्याचा अभिनय करून म्हटलं, "कितें रे बाबू, नोकरी मेळ्ळी?" तो इतका हसला की बाहेरच्या माणसानं दार उघडून बघितलं. सात-आठ उत्तरं करून बघितली, लांबलचक खुलासे, टोमणे, सगळी. शेवटी राहिलं ते सर्वात छोटं, "ना, अजून मेळूंक ना. सोदतां." म्हणजे नाही, अजून मिळाली नाही, शोधतोय. आणि उत्तर दिल्यावर तिथे उभं राहायचं नाही, हातात काहीतरी काम पाहिजे. काम कुठलं, तर माटोळी. गणपतीवर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं-फुलं बांधतात, कवंडळ, आंबाडे, तोरिंग, चिबूड, नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं. लहानपणी आजोबांबरोबर रानात जाऊन हे सगळं बाबूच आणायचा, कुठलं झाड कुठल्या बांधावर हे त्याला पाठ. यंदा तो दोन दिवस आधी गेला, चुलत भावाच्या दोन लहान पोरांना घेऊन.

चवथीनंतरच्या भेटीत मी विचारलं प्रश्न कितीदा आला. "अकरा." मोजले होते! "आठव्यापर्यंत उत्तर दिलं. मग तीन वेळा शिडीवर होतो."

गुण ९ वर आले होते. मी मनात खूश, पण सप्टेंबर पुढे होता. ३० तारीख आली, साईटवर काही आलं नाही. काहीच नाही. मुदत संपली असंही कुणी लिहिलं नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गुण परत १३, झोप परत बिघडली, पोदेर चार दिवस चुकला. बाबू म्हणाला सगळं फुकट गेलं. मला तसं वाटलं नाही, पण ते मी त्याच्या तोंडावर म्हटलं नाही, त्या दिवशी आम्ही फक्त त्या नोकरीबद्दल बोललो, मिळाली असती तर कशी असती. कुठल्या खिडकीजवळ बसला असता. पहिल्या पगाराचं काय. बहिणीचं वायफाय. आईला देवळात एक मोठी समई द्यायची होती. बोलता बोलता रडला, चार महिन्यांत पहिल्यांदा, आणि छान रडला, नाकबिक वाहत, टिश्यूचा अर्धा बॉक्स. त्या आठवड्यात बहीण आणि मी दोघींनी रोज एक फोन ठेवला, नवव्या प्रश्नाला उत्तर शून्यच होतं तरी. अशा वेळी मी शून्यावर विसंबत नाही.

कागदाचं काय केलंस, मी नंतर विचारलं. फाडला नाही. पाकिटातून काढून बारावीच्या मार्कलिस्टच्या फाईलीत ठेवला. मला ते ठीक वाटलं.

नोव्हेंबरात म्हापशाला एका हार्डवेअरच्या होलसेलवाल्याकडे अकाउंट्सला लागला. पगार सांगण्यासारखा नाही, बाबा अजून नातेवाइकांना "टेंपररी" म्हणतात. नवीन जाहिरात आली तर फॉर्म भरणार आहे, भरावाच, सरकारी नोकरीशी माझं काही भांडण नाही. ट्रक अंगणात आहे, यंदाच्या दसऱ्यालाही धुतला, बाबूनं पाणी मारलं. पेटी महिन्यातून दोनदा, एकादशीला. रात्री जागतो अजून, पण एकपर्यंत. शेवटचे गुण ६. अजून दोन भेटी बाकी ठेवल्यात, महिन्याच्या अंतरानं.

त्यातली पहिली गेल्या शनिवारी होती. शुक्रवारी रात्री साडेनऊला मेसेज आला, "ताई उद्या जमणार नाही सॉरी, मंथ एन्ड आहे, पीव्हीसीचा सगळा स्टॉक मोजायचाय, शेठ सोडत नाही. पुढच्या शनिवारी चालेल?"